एएमएच १.१ आला म्हणजे नेमके काय कमी झाले?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारले आहे: "माझे वय ३४ आहे. लग्नाला चार वर्षे झाली, चौदा महिन्यांपासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत. पाळी नियमित आहे. एएमएच १.१ आला आणि डॉक्टर म्हणाल्या की अंडी कमी आहेत. मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. अंडी वाढण्यासाठी काय खावे, कोणते औषध घ्यावे? पुरुषांमध्ये रोज नवे शुक्राणू तयार होतात, मग आमच्यात नवी अंडी का होत नाहीत? घरात असे बोलले जाते की नोकरीची धावपळ आणि आधी घेतलेल्या गोळ्या यांमुळे मी हे ओढवून घेतले. हे खरे आहे का?"

मी मुंबईतील एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत गेली २२ वर्षे भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. रुग्णाला तपासणे आणि औषध लिहून देणे हे माझे काम नाही. ते तुमच्या डॉक्टरांचे. माझे काम त्यानंतर सुरू होते: शरीराबाहेर आलेले स्त्रीबीज ओळखणे, शुक्राणू निवडणे, त्यांचे मीलन घडवणे आणि पुढचे पाच दिवस त्या भ्रूणाला सांभाळणे. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते औषधोपचाराचा सल्ला म्हणून वाचू नका. या दोन पेशी मी रोज पाहते आणि त्यांच्याबद्दल जे कळले आहे ते सांगते आहे, इतकेच समजा.

तुमचा प्रश्न "अंडी कशी वाढवावीत" असा आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: वाढवता येत नाहीत. परंतु तेवढेच सांगून थांबले तर तुमच्यावर अन्याय होईल, कारण तुमची खरी अडचण ती नाही. तुम्हाला मूल हवे आहे, आणि त्यासाठी एका वेळी एकच चांगले स्त्रीबीज लागते. एएमएच हे रक्तात मोजले जाणारे एक संप्रेरक; त्याचा आकडा बीजाशयांत बीजांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज देतो. त्या साठ्यातील स्त्रीबीजे कशी आहेत, हे तो सांगत नाही. "किती" आणि "कशी" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दवाखान्यातील घाईत, विशेषतः रिपोर्ट हातात पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, ते एकमेकांत इतके मिसळून जातात की माणूस रडत घरी जातो. हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण बाकीचे सगळे त्यातूनच उलगडते. पुरुषात रोज नवे शुक्राणू तयार होतात आणि स्त्रीत नवी बीजे का नाहीत?

आपल्या शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. आईची ४६ आणि वडिलांची ४६ अशी सरळ एकत्र आली असती तर मुलात ९२ झाली असती आणि पिढीगणिक हा आकडा दुप्पट होत गेला असता. म्हणून जननपेशी तयार होताना शाळेत शिकवतात ते अर्धगुणसूत्री विभाजन होते आणि प्रत्येक जननपेशीत २३ गुणसूत्रे उरतात. २३ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीतील कोणते गुणसूत्र कोणाच्या वाट्याला जाईल, हे त्या त्या वेळी ठरते. त्यामुळे केवळ या वाटणीतून एका व्यक्तीच्या जननपेशींचे सुमारे ८४ लाख वेगवेगळे संच संभवतात. चौऱ्यांशी लक्ष योनी हा शब्द आपल्या कानावरून गेलेला आहे, म्हणून मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हापासून लक्षात राहिला आहे, जरी तो निव्वळ योगायोग असला तरी. शिवाय वाटणीपूर्वी जोडीतील गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे प्रत्यक्षात संचांची संख्या मोजण्यापलीकडे जाते. दोन सख्ख्या बहिणी एकमेकींसारख्या असूनही वेगळ्या का असतात, याचे मूळ इथे आहे.

इथवर स्त्री आणि पुरुष सारखेच आहेत. फरक आहे तो हे काम कधी सुरू होते आणि कधी संपते यात.

पुरुषाच्या वृषणात मूळ पेशींचा एक थर वयात आल्यापासून विभागत राहतो. एक मूळ पेशी विभागली की तिच्यातील एक भाग मूळ पेशी म्हणून मागे राहतो आणि दुसरा पुढे जाऊन शुक्राणू बनतो. मूळ पेशीपासून शुक्राणू बनायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि नंतर वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीत पोहण्याची क्षमता यायला आणखी एक-दोन आठवडे. दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू तयार होतात आणि हे काम म्हातारपणापर्यंत चालते. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा आजचा नमुना ही गेल्या तीन महिन्यांची कमाई आहे.

तुमच्या बाबतीत मूळ पेशींचे विभागणे तुम्ही जन्मण्यापूर्वीच थांबले. तुम्ही तुमच्या आईच्या पोटात पाच महिन्यांच्या होता तेव्हा तुमच्या बीजाशयांत साठ ते सत्तर लाख बीजपेशी होत्या. जन्माच्या वेळी त्यांतील दहा ते वीस लाख उरल्या, वयात येताना तीन-चार लाख. संपूर्ण आयुष्यात प्रत्यक्ष बाहेर पडतात त्या चारशे-पाचशे. बाकीच्या सगळ्या हळूहळू विरून जातात, मग तुम्ही काहीही करा अथवा न करा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, या प्रत्येक पेशीने आपले अर्धगुणसूत्री विभाजन तुमच्या जन्मापूर्वीच सुरू केलेले असते आणि ते अर्ध्यावर थांबवून ठेवलेले असते. ज्या महिन्यात ते बीज बाहेर पडायचे असते, त्या महिन्यात बाहेर पडण्याच्या काही तास आधी पहिले विभाजन पूर्ण होते. दुसरे तर शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होते. म्हणजे ३४ वर्षांच्या स्त्रीचे बीज हे जवळजवळ ३५ वर्षे थांबलेले काम आहे.

या थांबण्याचा परिणाम काय होतो, ते माझ्या कामातून सांगते. बीजे काढण्याच्या दिवशी सकाळी शस्त्रक्रियागृहातून द्रवाने भरलेल्या नळ्या माझ्याकडे येतात. तो द्रव गरम पृष्ठभागावरच्या काचेच्या बशीत ओतला की सूक्ष्मदर्शकाखाली शोधाशोध सुरू होते. फालुद्यात घालण्यासाठी भिजवलेला सब्जा तुम्ही पाहिला असेल: मध्ये एक ठिपका आणि भोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण. स्त्रीबीज पहिल्यांदा दिसते ते जवळपास तसेच. भोवतीच्या पेशींचा तो मऊ गोळा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, आतला ठिपका मात्र जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. मानवी शरीरातील ती सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक आहे. शुक्राणूचे डोके तिच्या विसाव्या हिश्श्याएवढेच असते. भोवतीच्या पेशी काढून बीज मोकळे केले की मी एकच गोष्ट शोधते: बीजाच्या कडेला, आवरणाच्या आत, एक चिमुकला गोल गोळा दिसतो का. तो दिसला म्हणजे पहिले विभाजन पूर्ण झाले, अर्धी गुणसूत्रे त्या गोळ्यात टाकून बीज तयार झाले. तो नसेल तर बीज अजून कच्चे आहे.

पण तो गोळा दिसला म्हणून वाटणी बरोबर झाली असे होत नाही, आणि ते मला सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. गुणसूत्रांच्या जोड्यांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने असतात. ती बीजपेशी थांबून असते त्या सगळ्या वर्षांत झिजत जातात आणि नव्याने पुरेशी भरली जात नाहीत. पकड सैल झाली की वाटणीच्या वेळी एखादे गुणसूत्र चुकीच्या बाजूला जाते, आणि २३ ऐवजी २२ किंवा २४ गुणसूत्रांचे बीज तयार होते. अशा बीजातून झालेले बहुतेक भ्रूण रुजत नाहीत किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत पडून जातात. काही थोडे पुढे जातात, उदाहरणार्थ २१ क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे असले तर डाउन सिंड्रोम. आईच्या २५व्या वर्षी डाउन सिंड्रोम असलेले मूल होण्याची शक्यता साधारण साडेबाराशेत एक असते, ३५व्या वर्षी साडेतीनशेत एक, ४०व्या वर्षी शंभरात एक. प्रयोगशाळेत पाच दिवस वाढवलेल्या भ्रूणांची तपासणी केली तर पस्तिशीच्या सुमारास एक तृतीयांशाच्या आसपास भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते, चाळिशीत निम्म्याहून अधिक भ्रूणांत.

पुरुषातही वयाचा परिणाम होतो, पण त्याची जात वेगळी आहे. मूळ पेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभागते, आणि प्रत्येक वेळी संपूर्ण आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते. नकलांगणिक एखादे अक्षर चुकते, म्हणून वडिलांचे वय वाढेल तसे मुलात नवे बारीक बदल वाढत जातात. वर्षाला साधारण दोन या गतीने. स्त्रीबीजात चूक होते ती वाट पाहण्यामुळे, शुक्राणूत होते ती पुन्हापुन्हा नक्कल करण्यामुळे. वयाच्या बाबतीत स्त्रीला जास्त झळ बसते, कारण अख्खे गुणसूत्र चुकणे हे अक्षर चुकण्यापेक्षा फार मोठे नुकसान आहे.

आता एएमएचकडे परत येऊ. हे संप्रेरक बीजाशयातील वाढीला लागलेल्या लहान लहान पुटकांतील, म्हणजे बीजाला सामावणाऱ्या पिशव्यांतील, पेशी तयार करतात. साठा मोठा असेल तर दर महिन्याला वाढीला लागणारी पुटके जास्त आणि एएमएच जास्त. साठा कमी झाला की तो उतरतो. तुमचा १.१ हा ३४व्या वर्षासाठी अपेक्षेपेक्षा कमी आहे, हे डॉक्टरांनी बरोबर सांगितले. मात्र ज्या स्त्रियांना वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नाही अशांवर झालेल्या अभ्यासांत एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले नाही. कारण उघड आहे: साठा पन्नास हजारांचा असो वा पाच हजारांचा, महिन्याला बाहेर पडते एकच बीज, आणि ते कसे असेल हे मुख्यतः तुमच्या वयावर ठरते. तुमची बीजे ३४ वर्षांची आहेत; एएमएच कमी आला म्हणून ती ४२ वर्षांची झाली नाहीत.

माझ्या कामातील दोन प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एकाच आठवड्यात दोघींची बीजे काढली होती. एक ३१ वर्षांची, एएमएच एकच्या खाली, तिची चारच बीजे मिळाली. चारांतील तीन तयार होती, दोन बीजांचे फलन झाले, पाचव्या दिवसापर्यंत एक भ्रूण पोहोचले. दुसरी ४२ वर्षांची, एएमएच साडेतीनच्या आसपास. तिची चौदा बीजे मिळाली आणि शस्त्रक्रियागृहात सगळ्यांना आनंद झाला. तिची पाच भ्रूणे तयार झाली, तपासणीत पाचही चुकलेली निघाली. पहिलीला त्या एका भ्रूणातून मुलगी झाली. दोन जणींवरून नियम ठरत नाही, हे मलाही माहीत आहे, आणि कमी वयातही अपयश येते. पण आकडा आणि दर्जा यांच्यातील फरक मला कोणी विचारला की मला त्या दोन बश्या आठवतात.

तुमचा आकडा कुठे महत्त्वाचा ठरतो, तेही सांगितले पाहिजे. आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन, करायची वेळ आली तर इंजेक्शनांना प्रतिसाद कमी मिळेल, म्हणजे एका वेळी कमी बीजे हाती येतील. दहा बीजे मिळाली तर साधारण आठ तयार असतात, सहाचे फलन होते आणि तीनच्या आसपास भ्रूणे पाचव्या दिवसापर्यंत टिकतात; चार मिळाली तर हीच गळती जास्त टोचते. तसेच तुम्हाला दोन मुले हवी असतील तर दुसऱ्यासाठी फार वर्षे थांबता येणार नाही. म्हणून तुमचा एएमएच घाबरण्यासाठी नाही, वेळेचा हिशेब करण्यासाठी आहे.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो तुमच्या मनात येणारच. "इंजेक्शनांनी पुढची अंडी आत्ताच वापरली जातात आणि लवकर संपतात" असे पुष्कळ जणी म्हणतात. तसे होत नाही. दर महिन्याला पुटकांचा एक गट वाढीला लागतो, त्यांतील एक पुढे जाते आणि बाकीची त्याच महिन्यात विरून जातात. इंजेक्शने विरून जाणाऱ्यांतील काही वाचवतात, पुढच्या महिन्यांच्या साठ्याला ती हात लावत नाहीत. आणि आपल्याकडे "अंडं फुटलं" असे म्हणण्याची पद्धत आहे, तीही एकदा दुरुस्त करावीशी वाटते: फुटते ते बीजाभोवतीचे पुटक, बीज अखंड बाहेर पडते. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर हे शब्द ऐकून खरोखरच धास्तावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता औषधांबद्दल. नवी बीजे तयार करणारे औषध आज उपलब्ध नाही. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून आणि तिथल्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्यातून देशातील पहिले शास्त्रीय नोंद असलेले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ते साधले होते; त्यांच्या हयातीत त्याला मान्यता मिळाली नाही, ही खंत आमच्या क्षेत्रात आजही बोलून दाखवली जाते. तेव्हापासून आजपर्यंत आम्ही बीज बाहेर काढायला, एक शुक्राणू सुईने आत सोडायला, उणे १९६ अंशांवर बीज गोठवून ठेवायला शिकलो. बीजाशयात एक बीज नव्याने घडवायला मात्र कोणीही शिकलेले नाही. बीजाशयात रक्तातील प्लेटलेटचे इंजेक्शन देऊन "ओव्हरी तरुण करतो" अशा जाहिराती तुम्हाला दिसतील. त्यामागचा पुरावा अजून अपुरा आहे, आणि त्यासाठी हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना याचे जिवंत बाळ होण्यापर्यंतचे निकाल विचारा. काही पूरक गोळ्या डॉक्टर देतात. त्यांपासून फायदा झालाच तर तो थोडा असतो, आणि त्या घेण्यात वर्ष घालवू नये. आहार चांगला असावा, वजन आणि थायरॉइड आटोक्यात असावे, फोलिक ॲसिड सुरू असावे. हे गर्भासाठी आणि तुमच्यासाठी आवश्यक आहे, त्याने साठा वाढत नाही.

मिस्टरांच्या रिपोर्टकडे येते, कारण तो तुम्ही एका वाक्यात संपवला आहे. "नॉर्मल" या शब्दाचा अर्थ पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ४२ टक्के हालणारे, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के अशा खालच्या मर्यादा दिल्या आहेत. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांपैकी सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची ती रेषा आहे. त्यामुळे तिच्या जरा वर असणे म्हणजे सगळे उत्तम असणे नव्हे, आणि जरा खाली असणे म्हणजे मूल होणारच नाही असेही नव्हे. चार टक्के हा आकडा वाचून घाबरणारे नवरे माझ्याकडे रोज येतात. निरोगी पुरुषातही बहुतेक शुक्राणू आकाराने वेडेवाकडे असतात, हे त्यांना सांगावे लागते.

तीन महिन्यांचा हिशेब इथे उपयोगी पडतो. पावसाळ्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत डेंग्यू किंवा मलेरियाने पडून उठलेल्या पुरुषांचे नमुने असतातच, आणि त्यांत संख्या नि हालचाल दोन्ही ढासळलेली दिसते. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. चांगला ताप आला की तयार होत असलेली खेप बिघडते. अशा वेळी तीन महिने थांबून नमुना पुन्हा द्यावा, मग निष्कर्ष काढावा. उलट तुमच्या मिस्टरांचा नमुना जुना असेल आणि मधल्या काळात आजारपण, नवे औषध किंवा जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने असतील तर तो रिपोर्ट आज कामाचा नाही. ही इंजेक्शने शरीर पिळदार करतात पण मेंदूकडून वृषणांना येणारा आदेश बंद करतात, आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. "मर्दानगी वाढते" म्हणून ती घेतलेल्या तरुणांना हे समजावणे, हे माझ्या कामातील सर्वांत जड कामांपैकी एक आहे. तंबाखू आणि गुटखा यांविषयी वेगळे सांगायला नको.

शुक्राणूचे योगदान आणि बीजाचे योगदान यांत तुलना करायची झाली तर ती फार असमान आहे. गुणसूत्रे दोघेही तेवीस-तेवीस देतात. शुक्राणू त्याखेरीज बीजाला जागे करणारे एक प्रथिन आणि पेशी विभागण्यासाठी लागणारे एक सूक्ष्म यंत्र (सेंट्रिओल) आणतो. बाकी सगळे, म्हणजे ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका, पहिल्या तीन दिवसांचे अन्न, प्रथिने बनवण्याच्या सूचना, आणि शुक्राणूच्या गुणसूत्रांतील तुटके धागे दुरुस्त करण्याची सामग्रीसुद्धा, बीज पुरवते. भ्रूणाचे स्वतःचे जनुकीय काम सुरू होते ते चार ते आठ पेशी झाल्यावर; तोवर ते आईच्या शिदोरीवर जगते. फलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सोळा-अठरा तासांनी, मी बशी बाहेर काढते तेव्हा बीजाच्या आत शेजारी शेजारी दोन पारदर्शक वर्तुळे दिसतात. एकात आईची २३ गुणसूत्रे, दुसऱ्यात वडिलांची. काही तासांनी ती वर्तुळे विरघळतात आणि ४६चा पहिला हिशेब जुळतो. बावीस वर्षे झाली, तरी ती दोन वर्तुळे दिसली की मी क्षणभर हात थांबवते.

ओघात हेही सांगते, कारण घरातील बोलणी तुम्ही लिहिली आहेत: बीजात लिंग ठरवणारे गुणसूत्र नेहमी एक्सच असते, शुक्राणूत एक्स किंवा वाय. मुलगा की मुलगी हे शुक्राणूने ठरते, आणि ते आधी निवडणे आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे. कोणी तसे करून देतो म्हणाले तर त्या दारातून परत फिरा.

म्हणजे आतापर्यंतचे थोडक्यात असे: तुमचा साठा अपेक्षेपेक्षा कमी आहे, बीजांचा दर्जा तुमच्या वयाचाच आहे, साठा वाढणार नाही पण तो असताना वेळ वाया जाऊ देऊ नये, आणि मिस्टरांची तपासणी पूर्ण झाली असे धरून चालू नये.

पुढे काय करावे, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि बीज कितीही चांगले असले तरी शुक्राणूशी त्याची गाठ त्या नळीतच पडते. आपल्याकडे जननमार्गाच्या क्षयामुळे नळ्या बंद झालेल्या स्त्रिया पुष्कळ दिसतात, कधी कधी आयुष्यात क्षयाचे एकही लक्षण जाणवलेले नसताना. बीजाशयावर पूर्वी चॉकलेट सिस्टची (जुने रक्त साठलेल्या गाठीची) शस्त्रक्रिया झाली आहे का? तुमच्या आईची किंवा मावशीची पाळी चाळिशीच्या आत गेली होती का? पाळीच्या वेळी असह्य दुखते का? यांतील एकाचेही उत्तर "हो" असेल तर सल्ला बदलेल. यांतील काही नसेल, नळ्या मोकळ्या असतील आणि मिस्टरांचा दुसरा नमुनाही ठीक आला, तर तुमच्या डॉक्टर काही महिने साधे उपचार सुचवतील अशी शक्यता आहे. वर्षभर प्रयत्न झाल्यावर, आणि पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने झाल्यावर लगेच, तपासण्या कराव्यात असा दंडक आहे. तुम्ही चौदा महिने थांबला आहात आणि पस्तिशी उंबरठ्यावर आहे, तेव्हा आता पुढे ढकलू नका.

या काही महिन्यांत जे तुमच्या हातात आहे ते दोन पेशींच्या आयुर्मानावरून ठरते. बाहेर पडलेले बीज १२ ते २४ तास जगते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात तीन ते पाच दिवस तग धरतो. म्हणून बीज बाहेर पडताना शुक्राणू नळीत आधीच हजर असायला हवेत. नंतर धावत जाऊन उपयोग नाही. पाळी २८ दिवसांची असेल तर साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या काळात दर एक-दोन दिवसांनी संबंध यावेत. तुमच्या मिस्टरांची रात्रपाळी असेल, तुम्ही साडेसातला घरी पोहोचत असाल, तर या सहा दिवसांपुरती तरी कामाची वेळ बदलून घेता येते का पाहा. एकाच "त्या" दिवसावर सगळा भार टाकणारी जोडपी लवकर थकतात आणि तो दिवस नेमका हुकतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही धावपळ केलीत, लोकलमध्ये उभ्याने प्रवास केलात, नोकरी धरून ठेवलीत, यांतील कशानेही तुमची बीजे कमी झालेली नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांनी साठा घटत नाही आणि वाचतही नाही. गोळ्या चालू असताना एएमएच तात्पुरता कमी दिसतो, म्हणून चाचणीच्या वेळी तुम्ही त्या घेत होता का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. धूम्रपान, केमोथेरपी, किरणोपचार आणि बीजाशयावरील शस्त्रक्रिया यांनी साठा खरोखर कमी होतो, आणि यांतील काहीही तुम्ही लिहिलेले नाही. तुमच्या वाट्याला किती बीजे येणार, याचा मोठा भाग तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असतानाच ठरला होता. सासूबाईंना हे सांगताना हेही सांगा की तुमचे मिस्टर ज्या बीजातून जन्मले, ते बीज सासूबाई स्वतः त्यांच्या आईच्या पोटात होत्या तेव्हा तयार झाले होते.

पुढच्या पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही बीजाशयांतील लहान पुटके मोजून घ्या. एएमएचइतकीच ती मोजणी महत्त्वाची आहे आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय साठ्याविषयी निष्कर्ष काढू नये. त्याच आठवड्यात मिस्टरांना आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून दुसरा नमुना द्यायला सांगा. नळ्यांची तपासणी पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत होते, तिची वेळ आत्ताच ठरवून ठेवा. हे तिन्ही रिपोर्ट आल्यावर पुन्हा लिहिलेत तर त्यांतील आकडे मी तुम्हाला एकेक करून समजावून सांगेन.